वायटोमोची गुहा आणि तिचे धनी

आयुष्याची तेहतीस वर्षे आम्ही जमिनीची मोजणी, नोंदी आणि भूसंपादनाचे कागद यांत घालविली, आणि तीही बहुतेक सर्व महाराष्ट्राबाहेर, मध्य प्रदेशातील डोंगराळ जिल्ह्यांत. घरच्या सातबाराची ओळख पुसट होऊन खसरा-खतौनीची भाषाच आमच्या तोंडी बसली. त्यामुळे न्यूझीलंडमधील वायटोमोच्या प्रकाशगुहेविषयी लिहावयास बसलो असता आमची लेखणी तेथील निसर्गशोभेकडे न वळता वारंवार मालकीच्या रकान्याकडे वळते, त्याला आमचा इलाज नाही. प्रवासवर्णन ज्यांना हवे असेल त्यांची थोडी निराशा होईल, हे आधीच सांगून ठेवितो.

प्रवासाची हकीकत आवश्यक तेवढीच देतो. ऑकलंड येथे आमच्या एका स्नेह्यांचे चिरंजीव नोकरी करतात. हे स्नेही लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना हॉटेलच्या दरांचे कोष्टक पाहून रात्री झोप येईना. अखेर त्यांनीच असे सुचविले की, भाड्याची कॅम्परव्हॅन घ्यावी, तीतच निजावे, तीतच पिठलेभात शिजवावा, आणि जून महिन्यात निघावे. जून म्हणजे तिकडचा ऐन हिवाळा. प्रवाशांची वर्दळ कमी, म्हणून गाड्यांचे भाडेही उतरलेले. त्याप्रमाणे आम्ही उभयता व ते उभयता असे चौघे एका वयस्क गाडीतून दक्षिणेकडे निघालो. गाडी डाव्या बाजूने हाकावयाची असल्याने तेवढी एक चिंता नव्हती. गाडीतील ऊबयंत्र मात्र पहिल्याच रात्री बंद पडले, आणि ज्यांच्याकडून गाडी घेतली होती त्यांनी दूरध्वनीवरून गोड शब्दांपलीकडे काही दिले नाही. आमच्या सौभाग्यवतींनी बरोबर आणलेल्या दोन सोलापुरी चादरींनी ती उणीव भरून काढली. असो.

ऑकलंडपासून वायटोमो सुमारे दोनशे किलोमीटर. वाटेत हिरवी कुरणे, मेंढ्या, गाई आणि पावसाने न्हालेल्या गोल टेकड्या. या टेकड्यांच्या पोटात चुनखडक आहे. सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साठलेल्या शंखशिंपल्यांचा व सूक्ष्म जीवांच्या कवचांचा हा दगड पुढे भूगर्भाच्या हालचालींनी वर आला, आणि किंचित आम्लयुक्त झालेल्या पावसाच्या पाण्याने त्यात विवरे कोरली. माओरी भाषेत ‘वाई’ म्हणजे पाणी व ‘तोमो’ म्हणजे विवर. गावाच्या नावातच सगळा भूगोल आला. आपल्याकडच्या ग्रामनामांतही असाच मोजणीदाराला उपयोगी पडणारा अर्थ दडलेला असतो; पण नाव लिहून घेणाऱ्याला तो अर्थ विचारण्यास सवड नसते.

गुहेत जे चमकते त्याला मराठीत काय म्हणावे हा प्रश्न आमच्यात बराच वेळ चर्चिला गेला. काजवा म्हणणे बरोबर नाही. मे-जूनच्या संधिकाळी भंडारदऱ्याच्या रानात झाडेच्या झाडे उजळविणारा काजवा हा भुंगेऱ्यांच्या कुळातला कीटक आहे. वायटोमोचा जीव म्हणजे चिलटासारख्या एका दोन पंखांच्या माशीची अळी होय. शास्त्रीय नाव अॅरॅक्नोकँपा ल्युमिनोसा, म्हणजे कोळ्यासारखी जाळे विणणारी प्रकाशमान अळी. माओरी तिला ‘तितिवाई’ म्हणतात. ही अळी गुहेच्या छताला रेशमाची लहानशी झोळी करून राहते आणि तीतून चिकट थेंबांनी माळलेले बारीक धागे खाली सोडते. शरीराच्या शेपटाकडील भागात निळसर-हिरवा प्रकाश उत्पन्न करून ती पाण्यावरून उडणाऱ्या चिलटांना भुलविते. चिलट उजेडाकडे झेपावते, धाग्याला चिकटते, आणि अळी धागा वर ओढून घेते. नऊ-दहा महिने हा उद्योग चालतो. मग कोष, आणि कोषातून निघणाऱ्या प्रौढ माशीला अन्न खाण्याजोगे तोंडच नसते. दोन-चार दिवसांत जोडीदार शोधणे, अंडी घालणे आणि मरणे एवढेच तिचे प्रौढपण. भुकेल्या अळीचा दिवा अधिक तेजाने जळतो, असे आम्हांस वाटाड्या बाईंनी सांगितले. तेव्हा आमचे लेखापरीक्षक स्नेही हळूच म्हणाले, “म्हणजे वर दिसते ती सगळी भूकच म्हणावयाची!”

गुहेत छायाचित्र घेण्यास मनाई आहे आणि नावेत बसल्यावर बोलण्यासही. वल्ही नाहीत, डोक्यावर ताणलेल्या दोराला धरून वाटाड्या नाव पुढे ओढतो. प्रथम काही दिसेना. मग डोळे अंधाराला सरावले, आणि छतभर पसरलेला तो निळा शिडकावा दिसू लागला. त्याचे वर्णन करण्याचा मोह आम्ही आवरतो. आकाशगंगेची उपमा इतक्यांनी दिली आहे की, आकाशगंगेलाच आता ती नकोशी झाली असेल. एवढेच नमूद करतो की, नाव उजेडात येईपर्यंत आमच्यापैकी कोणीही खोकले नाही, आणि आमच्या वयाच्या चौघांच्या बाबतीत ही सामान्य गोष्ट नव्हे.

आता इतिहासाकडे वळतो.

वायटोमो ज्या प्रदेशात आहे त्याला इंग्रजीत ‘किंग कंट्री’, म्हणजे राजाचा मुलूख, म्हणतात. १८४० मध्ये वाइटांगी येथे ब्रिटिश राजसत्ता व माओरी सरदार यांच्यात तह झाला. पुढे गोऱ्या वसाहतवाल्यांची जमिनीची भूक वाढत गेली, तेव्हा १८५८ मध्ये मध्य भागातील जमातींनी पोताताऊ यांस आपला राजा केले. जमीन विकली जाऊ नये म्हणून सर्वांनी एका छत्राखाली यावे, हा त्यामागील हेतू. १८६३-६४ मध्ये सरकारी फौजा वायकाटो खोऱ्यात शिरल्या. युद्धानंतर सुमारे बारा लक्ष एकर जमीन जप्त झाली. पोताताऊंचे पुत्र राजे तावियाओ आपल्या लोकांसह पुनिऊ नदीच्या दक्षिणेस मनिआपोतो जमातीच्या आश्रयास गेले. ती नदी म्हणजे सीमा ठरली. परवानगीवाचून ती ओलांडणाऱ्या युरोपियनाच्या जिवाची हमी कोणी देत नसे. माओरी भाषेत या मुलखास ‘रोहे पोताए’, म्हणजे टोपीचा प्रदेश, असे नाव आहे. राजाने नकाशावर आपली टोपी ठेवली आणि तिने झाकला तेवढा मुलूख आपला म्हटले, अशी आख्यायिका सांगतात. नकाशे काढण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला ही आख्यायिका विशेष गोड वाटावी यात नवल नाही. सर्व हद्दी याच रीतीने ठरल्या असत्या तर आमच्या कचेरीतील अर्धी प्रकरणे उद्भवलीच नसती.

जवळजवळ वीस वर्षे हा मुलूख बंद राहिला. १८८१ मध्ये तावियाओंनी ब्रिटिश अधिकाऱ्यासमोर बंदुका जमिनीवर ठेविल्या. सरकारला ऑकलंड ते वेलिंग्टन लोहमार्ग न्यावयाचा होता आणि तो या मुलखातूनच जाणार होता. १८८३ मध्ये हर्स्टहाऊस नावाचा सरकारी भूमापक पाहणीसाठी आत शिरला असता महुकी नामक एका धर्मपुरुषाच्या अनुयायांनी त्याला व त्याच्या सोबत्याला धरून साखळदंडांनी बांधून ठेविले. त्यांची सुटका पुढे दुसऱ्या माओरींनीच केली. जमिनीवर साखळी टाकणाऱ्यालाच साखळी घातली, यातील न्याय त्या बिचाऱ्याच्या ध्यानी आला असेल काय? आम्हांला मात्र तो वाचताक्षणी जाणवला, कारण गाव मोजावयास गेल्यावर लोक दारे लावून घेतात तेव्हा ती कोणत्या भयाने लावतात, हे आम्ही पाहिले आहे. लोकांना मोजणीदार एकटा कधीच दिसत नाही. त्याच्या मागून येणारे सर्व त्यांना आधीच दिसत असते.

वाटाघाटी झाल्या, वचने दिली-घेतली गेली. मद्यविक्रीला बंदी हे त्यांतील एक. १८८४ पासून ही दारूबंदी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली. १८८५ च्या एप्रिल महिन्यात पुनिऊच्या काठी मनिआपोतोंचे पुढारी वाहानुई व रेवी यांच्या उपस्थितीत पंतप्रधान स्टाऊट यांनी लोहमार्गाच्या कामाचा प्रारंभ केला. दुसऱ्याच वर्षी जमीन-न्यायालय या मुलखात बसू लागले. जमातीच्या सामाईक जमिनीचे हिस्से पडून ते व्यक्तींच्या नावांवर चढू लागले. आणि ज्या जमिनीच्या सातबारावर नाव चढते ती विकताही येते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

गुहेची कथा नेमकी या संधिकाळातली आहे. १८८७ च्या डिसेंबरात फ्रेड मेस नावाचा इंग्रज भूमापक आणि तेथील माओरी सरदार ताने तिनोराऊ हे दोघे जंगली तागाच्या दांड्यांचा तराफा करून, हाती मेणबत्त्या घेऊन, ओढा जेथे डोंगराखाली गडप होतो तेथून आत शिरले. विवर स्थानिक लोकांना ठाऊक होते. आतला विस्तार मात्र कोणी हिंडून पाहिला नव्हता. पाण्यावर दिव्यांची प्रतिबिंबे दिसू लागली तेव्हा त्यांनी वर पाहिले. नंतरही ते अनेकदा आत गेले. पुढे ताने यांनी स्वतंत्रपणे वरच्या पातळीवरील दार शोधून काढले. आज प्रवासी तेथूनच आत शिरतात.

येथे आम्हांस अजिंठ्याची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. १८१९ मध्ये मद्रास घोडदळातील जॉन स्मिथ नावाचा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने वाघुरेच्या घळीत आला आणि अजिंठ्याचा ‘शोध’ लागला. त्याने दहाव्या लेण्यातील खांबावर आपले नाव व तारीख कोरून ठेविली. आजही ती दिसते. त्याच्या आधी त्या लेण्यांत गुरे घेऊन जाणाऱ्यांची, पावसात आसरा घेणाऱ्यांची नावे कोणत्याही खांबावर नाहीत. वायटोमोच्या बाबतीत निदान दोन नावे एकत्र टिकली, आणि हा फरक लहान नव्हे. नाव टिकले म्हणूनच शंभर वर्षांनंतर दावा सांगता आला.

१८८९ मध्ये ताने यांनी गुहा प्रवाशांसाठी खुली केली. ते व त्यांच्या पत्नी हुती लोकांना आत नेत आणि त्याबद्दल शुल्क घेत. लोहमार्ग हांगातिकी स्थानकापर्यंत होताच. तेथून घोडागाडीने लोक येऊ लागले. परंतु येणारे सगळेच सज्जन नव्हते. हजारो वर्षांत थेंबाथेंबाने बनलेले लवणस्तंभ मोडून खिशात घालणारे, भिंतींवर नावे लिहिणारे पुष्कळ निघाले. याच सुमारास, १९०१ मध्ये, न्यूझीलंड सरकारने पर्यटनाचे स्वतंत्र खाते स्थापन केले. जगात हे अशा प्रकारचे पहिलेच सरकारी खाते मानले जाते. १९०३ मध्ये निसर्गशोभा संरक्षणाचा कायदा झाला, आणि १९०६ मध्ये गुहेची मोडतोड थांबविण्याच्या कारणाने सरकारने तिचा कारभार स्वतःकडे घेतला. सरकारचे म्हणणे खोटे नव्हते. मोडतोड होत होती. संरक्षण आवश्यक होते. फक्त ते संरक्षण ज्यांच्या जागेत करावयाचे त्यांनाच बाजूला सारून ते का करावे, हा प्रश्न त्या काळच्या टिपणांत कोणी उपस्थित केला असेल असे वाटत नाही. आम्हीही केला नव्हता.

हे शेवटचे वाक्य उलगडून सांगणे प्राप्त आहे. आमच्या सेवाकाळात एका जिल्ह्यात (त्याचे नाव येथे देण्याचे कारण नाही) एक लहानशी गुहा होती. आत पाण्याची धार, खाली पिंडीसारखा दगड. एक गोंड कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या टेंभा पेटवून यात्रेकरूंना आत नेई आणि जो तो देईल ते घेई. आम्ही पाहणीस गेलो तेव्हा भिंतींवर कोळशाने लिहिलेली नावे पाहिली, मोडलेले लवणस्तंभ पाहिले, टेंभ्याची काजळी पाहिली, आणि परत येऊन स्वच्छ अक्षरात टिपण लिहिले: सदर स्थळ संरक्षणार्थ ताब्यात घेणे इष्ट. त्या टिपणातील एकही शब्द असत्य नव्हता. भोवती तार आली, तिकिटाची खिडकी आली, विजेचे दिवे आले. काही वर्षांनी दुसऱ्या कामासाठी त्या बाजूस गेलो असता त्या कुटुंबातील वडील गृहस्थ तारेच्या बाहेर बोरे विकीत बसलेले दिसले. त्यांनी आम्हांला ओळखले. राग नव्हता, गाऱ्हाणे नव्हते. यजमानाने पाहुण्याला विचारावे तसे त्यांनी विचारले, “साहब, गुफा देखने आए हैं?” आम्ही होय म्हटले आणि तिकीट काढून आत गेलो.

वायटोमो सरकारच्या हाती गेल्यावर तिचे सर्व ठीक झाले असेही नाही. पायऱ्या झाल्या, दिवे आले, प्रवासी लाखांवर गेले. १९७० नंतरच्या वर्षांत वरच्या प्रवेशद्वारावरील बंद दार काढून तेथे जाळीचे फाटक बसविण्यात आले. दिसावयास क्षुल्लक गोष्ट. पण त्यामुळे गुहेतून कोरडी हवा वाहू लागली. अळीला ओलावा हवा. हवा कोरडी झाली की तिचे चिकट धागे सुकतात. १९७९ मध्ये बहुतेक दिवे मालवलेले आढळले आणि गुहा काही महिने बंद ठेवावी लागली. हवा कोणत्या वेळी आत यावी व कोणत्या वेळी येऊ नये, दार केव्हा उघडावे व केव्हा लावावे, याची मोजमापे तेव्हापासून काळजीपूर्वक होऊ लागली. माणसांच्या श्वासाने वाढणाऱ्या कर्बद्विप्राणिल वायूवर आता यंत्रांची सतत नजर असते आणि तो ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यास आत जाणाऱ्यांस थोपविण्यात येते. अजिंठ्याच्या चित्रांवर गेल्या शतकात संरक्षणाच्या हेतूनेच चढविलेल्या रोगणाने ती पिवळी पडली, ही गोष्ट आपल्याला माहीत आहे. रक्षणकर्त्याची चूक भक्षकाच्या चुकीपेक्षा उशिरा उमगते, कारण तिची नोंद चांगल्या हस्ताक्षरात झालेली असते.

१९७५ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेने वाइटांगी न्यायाधिकरण स्थापिले, आणि १९८५ मध्ये त्याची कक्षा मागे १८४० पर्यंत नेण्यात आली. म्हणजे तहाच्या दिवसापासून घडलेल्या अन्यायाची दाद मागण्याची वाट मोकळी झाली. आमच्यासारख्याला हे वाचून प्रथम भीतीच वाटते; दीडशे वर्षांची दप्तरे पुन्हा उघडावयाची म्हणजे काय हे कारकुनालाच कळते! परंतु दप्तरे उघडली गेली. वायटोमोच्या मूळ धन्यांच्या वंशजांनी दावा सांगितला आणि १९८९ मध्ये, म्हणजे ताने यांनी गुहा खुली केल्यापासून बरोबर शंभराव्या वर्षी, जमीन व गुहा त्यांना परत देण्यात आली. कारभार चालविणाऱ्यांशी करार झाला. उत्पन्नाचा वाटा ठरला. आज गुहेत काम करणाऱ्यांत ताने व हुती यांचे वंशज आहेत. आमची नाव ओढणाऱ्या तरुण वाटाड्या बाईही त्यांपैकीच एक. हे त्यांनी मोठेपणा म्हणून सांगितले नाही. लवणस्तंभांची उंची सांगावी त्याच स्वरात सांगितले आणि पुढची पायरी ओली आहे म्हणून बजावले.

जवळच्या रुआकुरी गुहेचे प्रकरण आम्हांस याहूनही शिकण्याजोगे वाटले. ‘रुआ’ म्हणजे बीळ, ‘कुरी’ म्हणजे कुत्रा. पक्षी मारावयास गेलेल्या एका शिकाऱ्यावर येथील रानकुत्री धावून गेली, अशी कथा आहे. या गुहेच्या जुन्या तोंडाशी माओरींचे दफनस्थान आहे. तिकीट घेतलेले लोक वर्षानुवर्षे त्याच्या अंगावरून ये-जा करीत. १९८८ मध्ये ही गुहा वादामुळे बंद झाली. २००५ मध्ये ती पुन्हा उघडली ती मात्र नव्या दाराने. दफनस्थानापासून दूर खडकात एक खोल वर्तुळाकार कूप खणून त्यातून वळसे घेत उतरणारी वाट केली आहे. किती खर्च आला असेल याचा अंदाज आमचे स्नेही वळशागणिक बांधीत होते. तळाशी पोहोचल्यावर ते गप्प झाले आणि म्हणाले, “आपल्याकडे ही आपत्ती निघाली असती; मंजुरी मिळाली नसती.” लेखापरीक्षकाच्या मुखातून हे एक प्रकारचे पापनिवेदनच होय.

काटकसरी प्रवाशांसाठी एक उपयुक्त गोष्ट सांगावयाची राहिली. रुआकुरीच्या राखीव रानातून ओढ्याच्या कडेने एक पाऊलवाट जाते. तिला तिकीट नाही. रात्री आठच्या सुमारास पिठलेभात आटोपून आम्ही चौघे विजेऱ्या घेऊन निघालो. वाट निसरडी, थंडी बोचरी, वहिनींचा गुडघा दुखरा. एका ठिकाणी विजेऱ्या मालविल्या, तर डाव्या हाताच्या ओल्या दरडीवर, नेच्यांच्या मुळाशी, हाताच्या अंतरावर तेच निळे ठिपके. गुहेत ते उंच छतावर असतात; येथे डोळ्यांसमोर होते, आणि विजेरीच्या मंद उजेडात त्यांचे धागेही दिसले, दवात भिजलेल्या दोऱ्यांसारखे. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, “त्या बोरेवाल्यांचे नाव काय होते?”

आम्हांला ते आठवेना. आडनाव आठवले, गाव आठवले, टिपणाचा दिनांकही आठवला.

त्याच रात्री गाडीतील घडीच्या मेजावर चादर गुंडाळून आम्ही त्या जिल्ह्यात अद्याप सेवेत असलेल्या एका जुन्या सहकाऱ्यांना पत्र लिहिले: कुटुंबाचे नाव, त्या स्थळाविषयीची नस्ती, आणि त्या घरातील कोणी तेथे कामावर आहे काय, एवढे कळवावे. परत आल्यावर दोन महिन्यांनी उत्तर आले. तिकिटाच्या खिडकीचा ठेका दर वर्षी बदलतो. कामावर त्या घरचे कोणी नाही. वडील गृहस्थ वारले. मुले कामासाठी नागपूरकडे गेली असे गावकरी सांगतात. नस्ती मात्र मिळाली नाही. जतनाची मुदत संपल्यामुळे ती नियमानुसार नष्ट करण्यात आली होती. पत्राच्या शेवटी सहकाऱ्यांनी कळविले होते की, गावातील एका म्हाताऱ्या बाईंना ते नाव पाठ आहे, आणि त्यांनी सांगितले तसे ते खाली लिहीत आहेत. आम्ही ते नाव आमच्या वहीत उतरवून घेतले आहे.